उष्टी ताटं बघणारी सकीना

खण्. खण्. पितळेच्या ताटावर ताट ठेवलं की असा आवाज होतो, बरं का. तुमच्या या आजोबांनी तो लहानपणी ऐकला, आणि त्याच्या मागोमाग ही गोष्टही ऐकली.

समुद्रकाठी एक राजा राज्य करायचा. त्याचा मोठा दवाखाना होता. दवाखान्याच्या मागं, दगडावर बसून सकीना ताटं घासायची. तिचे आजे-पणजे आफ्रिकेतून गलबतात बसून आलेले. रंगानं ती काळीभोर, बोलणं थोडकं. तिला वैद्यांच्या शाळेत जायचं होतं. तीनदा गेली. तिन्ही वेळा दरवान म्हणाला, "तुमच्यातल्या बायका इथं शिकत नाहीत." मग ती ताटांपाशीच शिकली.

कशी? घासण्याआधी ती प्रत्येक उष्ट्या ताटात वाकून बघायची. आणि ताटं तिच्याशी बोलायची. खरंच बोलायची.

मुख्य आचारी विसोबा तिला हसायचा. "सकीने, खरकट्यात भविष्य दिसतं का गं? माझं लग्न कधी आहे, तेवढं बघ."

सकीना पुढचं ताट उचलायची.

एक दिवस एक ताट म्हणालं, "माझ्या म्हातारीला दात नाहीत. ती भाकरी कशी चावेल?" मग सकीनानं अंगणात तीन दगड मांडले आणि मऊ पेज शिजवली. आठ दिवसांत म्हातारी काठी टेकत घरी गेली.

मग दुसरं ताट म्हणालं, "माझा तांडेल, गलबतावरचा म्होरक्या, त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं. तिखटानं तोंड पोळतं." सकीनानं त्याची मिरची बंद केली, रोज आवळे खायला घातले. तांडेलही उठून बसला.

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं सकीनाला बोलावलं. "आमचा धाकू खलाशी वाळत चाललाय. वैद्य म्हणतात, महिनाभरही काढणार नाही. त्याला उभा केलास, तर सगळ्या दवाखान्याचं पथ्यपाणी तुझ्या हाती."

"आणि नाही उठला," शेजारी उभा असलेला विसोबा म्हणाला, "तर पुन्हा चुलीकडे फिरकायचं नाही. त्याचं ताट बघितलंस का? कसं लखलखीत. माझ्या हातचा कणन् कण खातो तो."

सकीनानं धाकूचं ताट हातात घेतलं. खरंच, एक शीतही नव्हतं त्यात.

"बोल की," ती म्हणाली. ताट गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी तिनं ते उन्हात धरलं, इकडून तिकडून फिरवलं. आणि तिच्या लक्षात आलं. बोटं नव्हती. आपण वरणभात कालवतो, तेव्हा ताटात बोटांचे माग उमटतात की नाही? इथं एकही नव्हता. या ताटात कुणी जेवलंच नव्हतं. मग ते बिचारं बोलणार काय?

ती भर दुपारी धाकूजवळ जाऊन बसली.

"दादा, जेवण कुणाला पाठवता?"

धाकूनं तोंड फिरवलं. मग उशाखालची पुरचुंडी काढली. फडक्यात भात होता, खाटेखालच्या तांब्यात वरण होतं.

"तीन पोरी आहेत, बाई. आई नाही त्यांना. मी इथं निजलोय, घरी काय शिजणार? थोरली खिडकीशी येऊन घेऊन जाते. मला गिळवत नाही."

सकीना राजाकडे गेली. "महाराज, औषध नको. आणखी तीन ताटं हवीत."

विसोबा कुरकुरला, "दवाखाना आहे की पंगत?" पण राजानं ताटं दिली.

पोरी खाटेभोवती जेवायला बसल्या. धाकू बघत राहिला. धाकटीनं शेवटचा घास घेतला, तशी त्यानं आपल्या ताटात हात घातला. त्या दिवशी त्याच्या ताटात पाच बोटं उमटली होती. आणि ते ताट काय म्हणालं असेल? "उद्या भात जरा जास्त वाढ."

महिन्याभरानं धाकू होडी घेऊन समुद्रात गेला. राजानं शब्द पाळला. पुढं पुष्कळ वर्षं सकीनानं ज्याला जे सोसेल ते रांधून घातलं. वैद्यांच्या शाळेतली मुलंमुली तिच्या दगडापाशी शिकायला यायची. सगळे सुखात राहिले.

आता कुशीवर वळा. एवढंसंच उरलंय, ते डोळे मिटून ऐका.

धाकू होडी घेऊन निघाला त्या दिवशी विसोबा मागच्या अंगणात आला. सकीना जरा बाजूला सरकली. तो दगडावर बसला, एक उष्टं ताट उचललं, उन्हात धरलं, आणि किती तरी वेळ बघत राहिला. मग ताट खाली ठेवलं. कमरेला लावलेल्या कोठीच्या किल्ल्या सोडून तिच्याजवळ ठेवल्या, आणि निघून गेला.