वसंताच्या मांडीवरचे मूल

पूर्वी कृतयुगात, चैत्र शुद्ध पंचमीस, सूर्योदयानंतर बरोबर तीन घटका उलटल्या असता, पयोष्णीतीरी दीर्घतेजा ऋषींच्या आश्रमात ऋतुराज वसंत अतिथी म्हणून आला, आणि तिथूनच ऋषींची तरुण पत्नी सुवर्चा हिच्या जिवाला घोर लागला.

आम्रमोहराने डवरलेल्या, भ्रमरांच्या गुंजारवाने भारलेल्या त्या तपोवनाची रीत अशी, की देव दारी आला तर आधी मधुपर्क द्यायचा आणि मग घरातले धाकटे मूल त्याच्या मांडीवर ठेवायचे. सुवर्चेने आपल्या दोन वर्षांच्या मुलाला, वत्सलला, ठेवले. वसंताच्या उत्तरीयातून परागांचा सोनेरी धुरळा उडाला मात्र, पोर शिंकू लागले, अंगभर लाल गांधी उठल्या, पापण्या सुजून डोळे मिटले.

"साधु, साधु!" ऋषी गहिवरले. "अगे, देवाचे तेज याच्या कायेत प्रकट होते आहे!"

"तेज कसलं, स्वामी! श्वास बघा, भात्यासारखा लागलाय. उचलू द्या मला."

"अतिथीच्या मांडीवरून मूल हिसकावणे महापातक आहे!"

शेजारच्या पर्णकुटीतली वृद्ध ऋषिपत्नी अरजा पदराआड हसली. "पहिलटकरीण ना! पोर शिंकलं की हिला प्रलय दिसतो."

सुवर्चेचे हात पुढे गेले, मागे आले. एकीकडे धर्म, एकीकडे पोटचा गोळा. बाईमाणसाने करावे तरी काय? शेवटी वसंतच भेदरला आणि त्याने मूल तिच्या ओटीत घातले. तिने टाहो फोडून देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांना हाक मारली. ते आले, पण नाडी धरताच त्यांनी माना खाली घातल्या.

"माते, येथे असुर नाही. याच्या देहाच्या रक्षकांनीच निरुपद्रवी परागाला शत्रू मानून आपल्या नगरीला आग लावली आहे. शस्त्र उगारावे तरी कोणावर?"

"मग मी नुसती बघत बसू?"

सुवर्चेने भुईवर कपाळ टेकले. तेव्हा माती दुभंगली आणि मातीने माखलेली, पीतवर्णा हरिद्रा वर आली. आपण जिला हळद म्हणतो, तीच.

"मी रक्षकांना मारणार नाही, समजावीन," ती म्हणाली. "पण देहात मला थारा नाही गं, आल्या पावली बाहेर पडते. माझी सखी मिरी सोबत दे. ती मला थोडी धरून ठेवील."

सुवर्चेने दोघींना उगाळून चाटवले. हळूहळू गांधी बसल्या, श्वास लयीत आला.

"आणि पुढच्या चैत्रात?"

"पुन्हा होईल. मूळ उपटणे माझ्या हाती नाही."

सुवर्चेने पोराला छातीशी घट्ट धरले. तिची ती दशा पाहून अश्विनीकुमार गंभीर स्वरात म्हणाले, "हरिद्रा दाह शमवील, परंतु श्वास कोंडला तर तिच्यावर विसंबू नये, आधी वैद्याला हाक मारावी. आणि भ्यालेल्या आईला जो हसेल, त्याचा आशीर्वाद कधी फळणार नाही!"

अरजेचा पदर तोंडावरच राहिला.

तेव्हापासून वसंत दरसाल येतो. त्याला नको कसे म्हणावे? आणि हळद धावते, जमेल तेवढे करते. म्हणून बायांनो, ही कथा एखाद्या लेकुरवाळीच्या कानावर नक्की घाला. ती घाबरून दारात आली, तर तिला आधी गप्प बसवू नका; आधी पोराचा श्वास बघा.