खायची झाडं

"खोट त्यांच्या रक्तात, मग निस्तरायचं आम्ही का? सांगा बाबा!"

द्राक्षबागायतदार जयवंतराव उभ्यानंच बोलत होता. पायताण तेवढं बाहेर काढलेलं, मिजास अंगावरच.

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून कफनीला टाके घालत होते. मी शेजारी दोरा धरून.

याच्या बायकोला, शालनला, छातीचा कॅन्सर निघाला. रक्त तपासलं, तर आईकडून आलेली खोट सापडली. झालं! तिला माहेरी नेऊन टाकायचं यानं ठरवलं, आणि वर फकिराचा आशीर्वाद मागायला आला. बाबांच्या जागी मी असतो तर पायरी चढू दिली नसती. पण बाबांचं दार सगळ्यांना उघडं.

"डॉक्टर एवढंच म्हणाला?"

"आणखी बडबडला की. म्हणे खोट असली तरी सगळ्यांनाच होतं असं नाही. बाहेरचं विषारी काही अंगात गेलं, तर तेही भर घालू शकतं. कशानं किती, ते त्यालाही सांगता येईना. मग ऐकायचं काय त्याचं?"

"अर्धं ऐकलंस."

"कामाचं ऐकलं."

बाबांनी पुढचा टाका घातला.

जयवंतरावनं टोपली पुढं सरकवली. हिरवेगार घड.

"खास तुमच्यासाठी. खायच्या झाडांचे."

"बाकीची झाडं काय, बघायची?"

तो हसला. "बाकीची बाजारची हो. त्यांना औषध मारावंच लागतं. ही बांधाकडची चार झाडं घराला राखलेली. थेंब पडू देत नाही. तुमच्यासारख्या माणसाला औषध खायला घालू काय?"

"जात दुसरी असेल."

"छे! एकाच काडीची. एकाच दिवशी लावलेली."

"रोग पडत नाही यांच्यावर?"

"पडतो की. नाजूक जात आहे. पान न् पान बघतो, रोगट दिसलं की हातानं खुडतो. जपावं लागतं, बाबा."

सुई थांबली.

"औषधाच्या दिवसांत शालन काय करते?"

"काय करायचंय? ड्रमात औषध कालवून देते. मारून आलो की माझी कापडं धुते."

"हातमोजे?"

"आमच्यात कोण घालतंय ते! तुमचं आपलं काहीतरीच."

बाबा उठले. टोपली उचलली आणि त्याच्या पायांवर उपडी केली. घड पायऱ्यांवरून घरंगळत गेले.

"चार झाडांवर थेंब नाही!" एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत मी बाबांना असं बघितलं नव्हतं.

जयवंतरावचा चेहरा लालबुंद झाला.

"तिच्या रक्तात हे आहे, ते मला काय ठाऊक होतं?"

"आता आहे ठाऊक?"

"आहे."

"ती अंथरुणावर. मग आता कापडं कोण धुतं तुझी?"

जयवंतराव पायताणाकडं वळला.

"बोल की!"

"थोरली लेक... प्रणाली."

"औषध?"

"तीच कालवते."

"तिचं रक्त तपासलंस?"

त्यानं मान हलवली. नाही.

बाबा त्याच्या अगदी तोंडाशी जाऊन उभे राहिले. आवाज मात्र खाली आला होता.

"त्या पोरीचं माहेर कुठलं रे?"