रांग अजून उभी आहे

यंत्रं माणसाशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. लढाईतून आलेली पाण्याची गाडी माळावर गंजत पडली होती. भिकोबा मिस्त्रीनं ती खपून दुरुस्त केली, रंगवली, टाकी भरली. पण इंजिन काही सुरू होईना. दिवस मावळेपर्यंत चालू झालं नाही, तर भंगारवाला गाडी तोडायला नेणार होता.

दमलेल्या मिस्त्रीनं गाडीच्या नळाखाली पत्र्याचा मग धरला. थेंब पडेना.

"काय गं बये, रुसलीस?"

"पाणी वाटणारा शेवटी पितो, मिस्त्रीबाबा. आधी रांगेला द्या."

मिस्त्रीनं मागं पाहिलं. माळावर चिटपाखरू नव्हतं. धुळीत मात्र बुटांचे ठसे एकामागं एक उमटत होते.

"केव्हापासून उभे आहेत?"

"लढाईत त्या दिवशी नळ सोडायच्या आधीच सैनिकांच्या रांगेवर तोफगोळा पडला. तेव्हापासून."

मिस्त्रीनं हातातला मग पुढं केला. "या लेकरांनो, सावकाश प्या."

नळ वाहू लागला. पत्र्याचा मग भरायचा आणि हातातच रिकामा व्हायचा, जमीन मात्र कोरडीच. उन्हं कलली तेव्हा टाकीत घोटभर उरलं.

"आता तुम्ही," गाडी म्हणाली.

"आणि तुला कुणी विचारलं का गं कधी?" असं म्हणून मिस्त्रीनं तो घोट तिच्या रेडिएटरमध्ये ओतला.

भंगारवाला आला, तेव्हा माळावर फक्त चाकांचा माग होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बुटांचे ठसे.