केरबाचा आवाज

“…आणि तो आवाज देवाचाच, हे कशावरून?”

मठातल्या चिंधीबाबांनी हे विचारलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. केरबाला ते रुचलं नाही. देवाचं बोलणं निघाल्यावर माणसानं निदान टरफलं तरी खाली ठेवावीत.

“आतून येतो, बाबा. मी मठ झाडत असलो की म्हणतो, हा झाडतोय. टेकलो की म्हणतो, हा बसला.”

“ते तर मलाही दिसतं. एवढं सांगायला देव कशाला यायचा?”

केरबा जरा गडबडला. मग मान ताठ करून म्हणाला, “चाळीस वर्षं धुनीपुढं बसलात. तुमच्याशी कधी बोलला?”

“नाही बुवा. एक अक्षर नाही.”

“मग?”

बाबांनी सोललेले दाणे त्याच्यापुढे धरले. केरबाचा हात उठला… आणि मधेच थांबला.

“आत्ता काय म्हणतोय?”

“…खाऊ नको म्हणतोय. साळूआक्का विष कालवते म्हणतोय.”

“शेंगेत?”



आता यात गावाचाही हात होता. मठात कुणी जेवलं नाही तर का जेवला नाहीस असं विचारत नाहीत, पाया पडतात. केरबा आठवडाभर पाण्यावर आहे हे कळताच खालच्या वाडीनं नारळ आणले. एकानं हरवलेल्या म्हशीचा ठावठिकाणा विचारला. केरबा काहीच बोलला नाही, आणि म्हैस रोजच्या वाटेनं संध्याकाळी घरी आली. झालं, दुसऱ्या दिवशी रांग लागली. केरबाचे गाल आत गेले तसं लोकांना त्याच्या तोंडावर तेज दिसू लागलं. चार वर्षं त्याला ताट वाढणारी साळूआक्का तेवढी चुलीमागं डोळे पुसत होती.

शेंगांचं ते बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबांनी त्याला एसटीत बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथं तांबोळी डॉक्टरीणबाई होत्या, मनाच्या डॉक्टर. त्यांनी नारळ आणला नव्हता. झोप लागते का, आवाज कधीपासून, जिवाचं बरंवाईट कर असं सांगतो का, घरात आणखी कुणाला असं होतं का, सगळं विचारलं. रक्त तपासायला घेतलं. मग म्हणाल्या, “आठ महिने झालेत. मला हा स्किझोफ्रेनिया वाटतो. आजार आहे, उपचार होतो. गोळी रोज. फरक पडायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.”

बाहेरच्या बाकावर केरबा गोळी तळहातावर घेऊन बसून राहिला.

“बाबा, हा आजार असला तर बरं. पण खरंच देव असला, आणि गोळीनं निघून गेला तर?”

“एवढ्याशा गोळीला भिईल तो?”

केरबानं आत कान लावला. आवाज म्हणाला, हा विचार करतोय. एवढंच. भिणार की नाही, ते काही सांगेना.

त्या गोंधळातच त्यानं गोळी गिळली.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, नुसती झोप यायची. मग आवाज लांबून येऊ लागला, पलीकडच्या डोंगरावरून कुणी हाका माराव्यात तसा. दोन महिन्यांनी तोही थांबला. केरबा साळूआक्काच्या हातच्या तीन भाकऱ्या खाऊ लागला, आणि वाडीतल्या लोकांनी रांग मोडली. जेवणाऱ्याच्या पाया कोण पडतो?

एका सकाळी तो धुनीपुढं झाडत होता. झाडता झाडता थांबला.

“बाबा.”

“हं.”

“आता कुणीच काही म्हणत नाही. झाडतो तर झाडतो, बसतो तर बसतो. आत अगदी सामसूम आहे.”

बाबा शेंगा सोलत राहिले.

“मीही तुमच्यासारखाच झालो. माझ्याशीही देव बोलत नाही.” त्यानं कनवटीची पुडी काढली. “आजची गोळी घेतली नाही अजून. वाटतं… राहू द्यावी. एकदा तरी ऐकू येईल. एकट्यानं झाडवत नाही हो.”

बाबांनी टरफलं खाली ठेवली. पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि बघत राहिले.

केरबानं गोळी घेतली, तोंड पुसलं, खाली वाकून केरसुणी उचलली.

“हा झाडतोय,” बाबा म्हणाले.