गाढवाची मुकी पेटी

जनावरं आपली वाद्यं आपणच बनवत असत, तेव्हाची ही गोष्ट. साळिंदरबाईंनी कार्यशाळा भरवली होती. प्रत्येकाने तापल्या सळईने तारांचं सोल्डरिंग करून आवाजाची एकेक पेटी बनवायची, मग सगळ्या पेट्या तारांनी जोडून संध्याकाळी अख्ख्या रानासमोर वाजवायच्या, असं ठरलं.

कोल्ह्याने किंचाळणारी पेटी केली, म्हशीने घुमणारी, बेडकाने टकटकणारी. गाढवही खूर भाजून घेत दिवसभर राबलं, पण त्याच्या पेटीतून आवाजच येईना.

"जन्मभर ओरडलास आणि पेटी मुकी?" कोल्हा हसला.

गाढव काही बोललं नाही. आपण तोंड उघडलं की सगळे 'गप्प बस' म्हणून ओरडतात, हे त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी पेट्या जोडल्या आणि असा कालवा उठला की रान पळत सुटलं. आपली पेटी थांबवायला कोणीच तयार होईना. शेवटी गाढवाने सगळ्यांच्या तारा गुपचूप आपल्या पेटीत खोवल्या. ती पेटी एका पेटीला गप्प बसवून दुसरीला वाट देऊ लागली, आणि गोंगाटाचं गाणं झालं. पळालेलं रान परत येऊन बसलं.

"हे कुठे शिकलास?" कोल्ह्याने हळूच विचारलं.

"ओरडायला मला कोणी शिकवलं नाही," गाढव म्हणालं. "गप्प बसायला मात्र तुम्ही सगळ्यांनी शिकवलंत."