अर्ध्या दाढीची किंमत

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, मखमलीवर मोती ठेवावा तसं एक इवलंसं राज्य होतं. त्याचं नाव चिंचोळी. तिथे सगुणी नावाची मुलगी राहायची. तिचे बाबा, गेनूकाका, चिंचेखाली बसून लोकांच्या दाढ्या करत. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्यांचा वस्तरा चालायचा. तरी सगुणीच्या परकराला तीन ठिगळं होती आणि घरात कंगवा एकच, तोही दोन दात पडलेला.

त्या सकाळी मात्र गेनूकाका वस्तरा हातात धरून नुसतेच बसले होते.

"बाबा, काय झालं?"

"आज आपला ओढा जाणार, पोरी."

तो रुपेरी ओढा चिंचोळी आणि शेजारच्या भरजरी राज्याच्या मधून वाहायचा. दोन्ही राज्यांवर महाराणी वासंतीचा अंमल होता आणि तिचा नियम होता, ज्या राज्यात वर्षभर जास्त काम होईल त्याला जास्त पाणी. आणि काम मोजलं होतं भरजरीच्या मोजणीमंत्र्यांनी, फुगेरावांनी.

कसं मोजलं? चिंचोळीचं वर्षभराचं काम भरलं एक लाख ढब्बूंचं. ढब्बू म्हणजे चिंचोळीचं तांब्याचं नाणं. सीमेवरचा सराफ भरजरीच्या एका सोन्याच्या मोहरेसाठी दहा ढब्बू घेई. म्हणून फुगेरावांनी लाखाला दहाने भागलं आणि लिहिलं, दहा हजार मोहरा. भरजरीचं काम चाळीस हजार मोहरांचं. म्हणजे चिंचोळीकर आळशी, पाणी भरजरीला, विषय संपला! हे सगळं गादीवर लोळून, चिंचोळीत एक पाऊलही न टाकता मोजलं बरं का!

सगुणी टोपली घेऊन रडतरडत ओढ्याकाठच्या बागेत गेली. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे थेंब लुकलुकत होते. तेवढ्यात गुलाबाच्या झुडपातून इवलासा आवाज आला, "आई गं! अगं, कुणी आहे का?"

काट्यांत एक परी अडकली होती. अंगठ्याएवढी! पंख निळे-जांभळे, झगा दवाचा आणि लांबसडक सोनेरी केस काट्यांत पार गुंतलेले.

"हलू नका हं, परीताई," सगुणी म्हणाली. तिने केसांत खोचलेला कंगवा काढला आणि एकेक बट हळुवार सोडवली. शेवटच्या गाठीत कंगव्याचा आणखी एक दात तुटला. तरी सगुणीने ती गाठ सोडवलीच.

"मी दवली परी," परी पंख झटकत म्हणाली. "माग एक इच्छा. पण नियम आहेत हं. सोनं मागायचं नाही. कुणाचं काढून घ्यायचं नाही. आणि हा दवाचा थेंब सुकेपर्यंतच जादू चालेल."

"मग सगळं पाणी आम्हाला... छे, ते तर त्यांचं काढून घेणं झालं."

"तुझ्या बाबांच्या दाढीची किंमत पाचपट करू? फुगेरावांच्या वहीत चिंचोळी झटक्यात श्रीमंत होईल."

"नको! मग आमच्या गावातल्या गरीब कोंडीआजोबांनी दाढी कशी करायची? आणि बाबा काम तेवढंच करणार ना? दाढी ती दाढीच!" बोलता बोलता सगुणीचे डोळे चमकले. "परीताई, मला खरं माप द्या."

परी खुदकन हसली. तिने सगुणीच्या टोपलीवर थेंब ठेवला. टोपलीला दोन चिमुकले पाय फुटले, पायांत घुंगरं आली, आणि टोपली छुमछुम करत थेट सीमेवर पळाली, मागोमाग सगुणीही!

तिथे महाराणी पालखीतून उतरत होती. शेजारी भरघोस दाढी कुरवाळत फुगेराव उभे होते.

"राणीसाहेब," सगुणी म्हणाली, "ही टोपली दोन्ही बाजारांत जाईल. दोन्हीकडे अगदी त्याच वस्तू घेईल. मग बघा, किती नाणी लागतात ते."

"पोरखेळ!" फुगेराव गरजले. "हिच्या बापाची दाढी दोन ढब्बूंची, आमच्याकडची एका मोहरेची. सराफाच्या हिशेबाने ती दाढीचा पाचवा हिस्सा!"

"मग उरलेले चार हिस्से कुठे असतात, मंत्रीकाका? बाबांची गिऱ्हाईकं तर गुळगुळीत होऊन घरी जातात."

महाराणीला हसू आवरेना. "जा टोपलीबाई. खर्च फुगेरावांच्या बटव्यातून."

टोपलीने चिंचोळीत लोटाभर दूध, दोन भाकऱ्या, मडकं आणि बांगड्या घेतल्या. पण दाढी टोपलीत घालणार कशी? तिने फुगेरावांचं उपरणं धरलं आणि त्यांना ओढतच चिंचेखाली नेलं.

"अगं, सोड! मी मंत्री आहे!"

"हलू नका, कापेल," गेनूकाका शांतपणे म्हणाले.

डावा गाल झाला आणि टोपलीने त्यांना ओढत भरजरीत नेलं. तिथे त्याच वस्तू घेतल्या, आणि तिथल्या न्हाव्याने उजवा गाल केला.

मग हिशेब आला. चिंचोळीत टोपली भरली वीस ढब्बूंत, भरजरीत दहा मोहरांत.

महाराणीने फुगेरावांच्या दोन्ही गालांवरून मोरपीस फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.

"फुगेराव, यातला पाचवा हिस्सा कोणता?"

"तो... सराफ म्हणतो..."

"सराफाकडे लोक भरजरीचे आरसे घ्यायला मोहरा मागतात, म्हणून मोहोर महाग," सगुणी म्हणाली. "दाढी करायला कोण जातं सराफाकडे?"

"खरं आहे," महाराणी म्हणाली. "वस्तू घेताना दोन ढब्बू म्हणजे एक मोहोर. चिंचोळीचं काम पन्नास हजार मोहरांचं, भरजरीपेक्षा जास्त! पाणी चिंचोळीला जास्त मिळेल."

फुगेरावांचा गुळगुळीत चेहरा पडला. सगुणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग भरजरीच्या न्हाव्याकडे.

"राणीसाहेब, निम्मं-निम्मं करा ना. त्या काकांनाही दाढी भिजवायला पाणी लागतंच."

तसंच झालं. दोन्ही काठांवर एकच जल्लोष झाला. टोपलीवरचा थेंब सुकत आला होता. त्यातून दवली परी बाहेर आली. तिने सगुणीच्या कंगव्यावर फुंकर घातली आणि तुटलेल्या तीन दातांच्या जागी तीन टपोरे मोती उगवले.

"मी सोनं मागितलं नव्हतं हं!" सगुणी घाबरून म्हणाली.

"म्हणून तर मोती दिले," परी म्हणाली. मग निळा, जांभळा, सोनेरी असा लखलखाट झाला आणि त्या उजेडात ती विरून गेली.

ओढा अजून मधूनच वाहतो. फुगेराव दर आठवड्याला चिंचेखाली येतात. दोन्ही गाल इथेच करून घेतात, आणि दोन ढब्बू मोजून देतात.