अस्वलाची पोथी

एका राज्यात सगळी मुले मुकी झाली होती. कारण सर्वांना ठाऊक होते, पण राजापुढे ते बोलायची छाती कुणाला होती? राजा धुरंधरसेनाला जनावरांचे खेळ बघायची भारी हौस. भस्मकेतू मांत्रिकाने "त्यांना सोड" म्हणून विनवले, तर राजाने त्याला हसून हाकलले. मांत्रिक वेशीवर उभा राहून गरजला, "मुक्या जिवांची दया नाही? मग तुमची पोरेही मुकी होतील! सुटका झालेल्या तीन जिवांच्या तीन खऱ्या पोथ्या त्यांना ऐकवाल, तेव्हाच वाचा फुटेल."

वेशीबाहेर तरंगिणी राहायची. जखमी, फासात अडकलेली जनावरे घरी आणायची, बरी करायची आणि त्यांच्यावर मुलांसाठी पोथ्या लिहायची. तिची लेक कुमुद म्हणजे नुसती टकळी. तीही गप्प झालेली. आईच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

तरंगिणीची एक रीत होती. ज्याची पोथी, त्यालाच आधी वाचून दाखवायची. त्याने शेवटच्या पानावर शाईचा पंजा उमटवला, तरच ती मुलांच्या हाती जायची.

पहिली पोथी साळुंकीची. घाईघाईत तरंगिणीने तिला सोन्याचे पंख लावले.

साळुंकी फणकारली, "इश्श! ही कोण बया? मी जाळ्यात सापडले, भीतीने शिटले. तेच लिही."

तरंगिणीने पाने फाडली आणि जसे घडले तसे लिहिले. साळुंकीने पाय उमटवला.

दुसरी तरसाची. ऐकून तरस म्हणाले, "मला देखणे केले नाहीस, बरे केलेस." त्यानेही पंजा दिला.

तिसरी अस्वलाची. ते राजवाड्यातूनच पळालेले, नाकात वेसण घेऊन. पोथी ऐकून ते म्हणाले, "दरबारात वाच. पंजा तिथेच देईन."

प्रधानांना कुणकुण लागली. ते धावत आले. "बाई, राजाचे नाव गाळ. दुष्ट दरवेशी म्हण. नाहीतर शिर जाईल."

तरंगिणीने कुमुदकडे पाहिले. "प्रधानजी, खोट्यावर अस्वल पंजा ठेवत नाही."

दरबार भरला. मुले पुढे बसली. दोन पोथ्या झाल्या. तिसरी वाचताना तरंगिणीचा आवाज खणखणीत होता. "वेसणीची दोरी राजाच्या हातात होती. अस्वल नाचत नव्हते. नाक दुखत होते, म्हणून उड्या मारीत होते."

राजाची तलवार अर्धी म्यानाबाहेर आली. अस्वल शांतपणे पुढे झाले, शाईत पंजा बुडवला आणि पानावर ठेवला.

तोच कुमुद उठली. "राजा, तू दोरी का ओढलीस रे?"

दरबाराच्या तोंडचे पाणी पळाले. राजाला अरेतुरे! प्रधानांनी डोळे वटारले. पण तरंगिणीने लेकीला गप्प केले नाही. अभिमानाने तिचा ऊर भरून आला, मान ताठ झाली. मग दुसऱ्या मुलाने तेच विचारले, तिसऱ्यानेही.

राजा सिंहासनावरून उतरला. तलवार खाली ठेवून कुमुदपुढे उभा राहिला.

"चुकलो, पोरी," तो म्हणाला आणि स्वतःच्या हाताने त्याने अस्वलाची वेसण काढली.

त्याच दिवशी राज्यातले सगळे पिंजरे उघडले. मुलांनी असा गलका मांडला की प्रधानजी कानांत बोळे घालून फिरू लागले. फिरेनात का!